घर नाडीवर उभं आहे

तीर्थरूप अक्काच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तो उभ्यानेच घातला आहे असं समजावं.)

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींना आता ऐकू येतं, की अजून सोयीचं तेवढंच? मी इकडे मुलाकडे सुखात आहे. मला कशाचीही गरज नाही. काहीएक पाठवू नकोस. हे आधीच लिहितो, नाहीतर पत्र अर्ध्यावर टाकून तू डबे भरायला बसशील.

लिहिण्यास कारण, आमचं घर जाता जाता राहिलं. घाबरू नकोस, भिंती ठणठणीत आहेत. आत मात्र ज्याला हात लावावा ते हातात येतं. घर भाड्याचं. मालकीणबाई वर्षातून एकदा येऊन खोली न् खोली बघतात आणि मगच पुढचा करार होतो. मोडतोड दिसली तर घर खाली करायचं. चिरंजीव हे जेवताना सहज बोलला आणि वर दही मागून घेतलं. मी मात्र हातातला घास परत ताटात ठेवला. या वयात गाठोडं घेऊन परक्या मुलखात मी कोणाच्या ओसरीवर बसू? (इथे ओसऱ्याही नाहीत. मी बघून आलो.)

मी म्हटलं, अरे, माणूस बोलाव. तर इथे माणूस बोलावणं म्हणजे स्थळ बघण्यासारखं आहे. आधी फोन, मग निरोपाची वाट, मग त्यांच्या सोयीचा दिवस. अखेर नळवाला आला. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, गळका नळ पुढून-मागून पाहिला, चहा नको म्हणाला, नळाचा फोटो काढला आणि गेला. (पसंत आहे की नाही, ते मागाहून कळवणार होता.) मग चिरंजीवाने स्वतःच कंबर कसली. ओट्यावरच्या कपाटाची बिजागरी सैल होती, ती घट्ट करायला गेला आणि अख्खं दार काढून माझ्या हातात दिलं. "बाबा, जरा धरा," म्हणाला आणि ऑफिसचा फोन आला म्हणून निघून गेला.

दार धरून उभं राहिलं की माणसाला बरंच काही सुचतं. मला तुझ्या नाड्या सुचल्या. निघताना तू पिशवीत पायजम्याच्या नाड्यांची जुडी कोंबलीस तेव्हा मी हसलो होतो, ते हसणं मी परत घेतो. कपाटाचं दार शेजारच्या दाराला बांधलं. नळाच्या तोंडाला नाडी बांधून तिचं टोक खाली सोडलं, तर थेंब तिच्यावरून मुकाट्याने उतरू लागला, टपटप बंद! पडद्याची दांडी निखळली होती, ती नाडीने टांगली. वॉशिंग मशीनचं झाकण नाडीने आवळलं. जुडी संपली, पण घर काही संपेना. मग बॅगेतल्या पायजम्यांवर पाळी आली. संध्याकाळी सूनबाई घरभर फिरली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "बाबा, तुम्ही तर घराला पायजमा घातलात!" मग तुमचं काय, हे तिने विचारलं नाही, म्हणून मीही बोललो नाही.

मालकीणबाई यायच्या दिवशी नेमकी कपाटाच्या दाराची नाडी तुटली. तेवढ्यात घंटा वाजली. घरात एकच नाडी शिल्लक होती आणि ती कुठे होती हे तुला सांगायला नको. मी ती दाराला बांधली आणि सदऱ्याखाली डाव्या हाताने पायजमा धरून, पोटात कळ आल्यासारखा उभा राहिलो. मालकीणबाई चांगल्या ताडमाड. पडद्यापाशी थांबल्या, नाडीचं टोक बोटाला गुंडाळून "हं" म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात आल्या. चिरंजीव म्हणाला, "हे माझे वडील." त्यांनी हात पुढे केला.

आता अक्का, उजवा हात मोकळा होता. तो दिला असता की झालं असतं. पण समोर बाईमाणूस, वयाने वडीलधारं, आणि आईने टपल्या मारमारून लावलेली सवय. माझे दोन्ही हात जोडले गेले. नमस्कार करून मान खाली घालतो तो काय, पायजम्याने माझ्याआधीच लोटांगण घातलेलं!

सदरा लांब होता म्हणून अब्रू राहिली. मालकीणबाईंनी मात्र गर्रकन भिंतीकडे तोंड फिरवलं आणि "सगळं छान आहे, सगळं छान आहे," म्हणत, पुढचं काहीही न बघता, भिंतीच्या कडेकडेने दार गाठलं. करार झाला. चिरंजीव हसून हसून खाली बसला. सूनबाईने सेफ्टी पिन आणून दिली. ती टोचते. म्हणून हे पत्र डाव्या हाताने पायजमा धरून लिहितो आहे. वर 'कंबर धरली' लिहिलंय, ते दुखणं समजून तेल पाठवू नकोस.

भाऊजींना नमस्कार. (एका हाताने.)

तुझा धाकटा

ता. क. काहीएक पाठवू नकोस असं वर लिहिलं आहे, ते खोडून वाचावं. तुझा मुलगा इकडे कामासाठी येतो आहे, त्याच्याबरोबर नाड्या पाठव. भरपूर आणि लांब. नाडी ओवायची काडीही दे. मी दाराची नाडी सोडून सूनबाईच्या पेनाने ओवायला गेलो, ते पेन आतच राहिलं.

ता. क. पत्र मोठ्याने वाचू नकोस. भाऊजींना नेमकं हे ऐकू येईल.

ता. क. आत्ताच मालकीणबाईंचा निरोप आला. पडद्याची ती गोंडस दोरी त्यांना फार आवडली, तुमच्याकडची खास वस्तू आहे का, त्यांच्या दिवाणखान्यासाठी मिळेल का, असं विचारतात. चिरंजीव 'हो' म्हणून बसला आहे. तेव्हा त्यांच्यासाठी रंगीत पाठव. माझी पांढरीच.