रविवारचे आज्ञाधारक जंतू

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. शुभस्य शीघ्रम्.
आमची कंपनी जंतूंपासून खायचं पीठ करते. शेत नको, गुरं नकोत, पाणीही बेताचं. टाकीत जंतू वाढवायचे, वाळवायचे, दळायचे. टाकीला साखर कधी, किती, हे आजवर टाकीवाल्या बाई वासावरून ठरवत आल्या. वासावरून! आता माझं कॉम्प्युटर मॉडेल ठरवील. सतराला साहेबांपुढे निकाल. जिंकलो तर टाकी माझ्या ताब्यात, नोकरी कायम. हरलो तर नारळ. अर्थात, हरणार नाहीच.

५ मार्च, बुधवार
मॉडेल म्हणतं लिटरमागे अठरा ग्रॅम जंतू. टाकीत अकरा. बाईंनी विचारलं, उरलेले सात कुठे ठेवलेत ते सांगा, काढून आणते. दुर्लक्ष केलं.

७ मार्च, शुक्रवार
पुन्हा अकरा. जंतूंना शिस्त नाही.
संकल्प : चहा बंद, चिडणं बंद. चार वाजता दोन्ही चालू.

१० मार्च, सोमवार, सकाळी ९
सापडलं! सहा महिन्यांचे आकडे काढले. दर रविवारी मॉडेल आणि टाकी तंतोतंत जुळतात. दशांशासकट! रविवारी माणसांची वर्दळ नाही, जंतूंचं चित्त स्थिर. म्हणजे मॉडेल निर्दोष, दोष वर्दळीचा. अनुमान हेही प्रमाणच, असं शाळेत आमचे शास्त्रीबुवा शिकवत.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हीही रविवारीच शहाण्यासारखे वागता, दुपारभर झोपलेले असता म्हणून. घरात शास्त्राला किंमत नाही.

१३ मार्च, गुरुवार
बाई दोनदा येऊन गेल्या. रविवारच्या आकड्यांबद्दल काही सांगायचंय म्हणे. स्लाइड्स चालू आहेत, वेळ नाही म्हटलं. मत्सर, दुसरं काय.

१७ मार्च, सोमवार
स्लाइड्स उत्तम झाल्या. साहेब खूश. मग त्यांनी सहज विचारलं, रविवारी मोजतं कोण?
बाई म्हणाल्या, कुणीच नाही, सुट्टी असते. मग आकडे? बाईंनी माझीच मेल वाचून दाखवली : रकाना रिकामा राहिला की प्रोग्राम बंद पडतो, काहीतरी भरत जा. त्या इमानाने माझ्याच मॉडेलच्या आलेखातला आकडा भरत होत्या.
म्हणजे सहा महिने मी माझ्याशीच जुळत होतो.
साहेब मला काढणारच होते. बाई म्हणाल्या, राहू द्या हो, रविवारी मोजायला माणूस हवाच आहे. टाकी बाईंकडे. मी बाईंच्या हाताखाली.
एका अर्थी बढतीच. आता प्रत्यक्षाशी थेट संबंध.

२३ मार्च, रविवार, सकाळी ८
एकटाच. नमुना घ्यायचा नळ सापडेना. दोन वर्षं या टाकीचं मॉडेल करतोय. इतक्या जवळून आजच पाहिली.

१० वाजता
एक नळ सापडला. तो धुण्याचा निघाला. पँट वाळत घातली आहे.

१२ वाजता
बाईंना तीन फोन. उचलत नाहीत. बरोबर आहे, सुट्टी.

१ वाजता
रकाना रिकामा ठेवून बघितला. प्रोग्राम बंद पडला.
आलेख उघडला. सतरा पूर्णांक चार. भरला.
तंतोतंत.