गुळणीचं सांगायचं राहिलं

सफाळे, मंगळवार, २२ नोव्हेंबर १९९४

एडवणच्या जानकीबाई आज धापा टाकत दवाखान्यात आल्या. दम्यासाठी रोज ओढायचा पंप त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी आपणहूनच बंद केला होता. इंजेक्शनने धाप जरा कमी झाली आणि मी बाकावरच्या सगळ्या पेशंटांसमोर त्यांच्यावर खेकसलो.

त्या हळूच म्हणाल्या, "औषध उष्ण पडलं, डाक्तर. तोंड आलंय. पेजेशिवाय काय जात नाय. सब्जा पण खाल्ला."

टॉर्च मारून पाहिलं. जिभेवर, टाळूला पांढरा थर. स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर गुळणी करून पाणी थुंकायचं असतं, नाहीतर हे होतं. पंप हलवा, ओढा, श्वास रोखा, दहा आकडे मोजा, हे सगळं मी किती ऐटीत शिकवलं होतं. गुळणीचं सांगितलं नव्हतं. मला पक्कं आठवतंय, नव्हतंच सांगितलं.

आणि तरी मी म्हणालो, "गुळणी करायला सांगितलं होतं ना?"

का म्हणालो? बाकावरचे ऐकत होते म्हणून?

"सांगितलं असंल," त्या म्हणाल्या. "माज्याच ध्यानात नाय राहिलं."

मी तेही तसंच राहू दिलं. तोंडात लावायला औषध दिलं, पंप पुन्हा सुरू करायला सांगितलं. त्यांनी मोरीपाशी जाऊन गुळणी करून दाखवली. "अशी ना?" मी नुसती मान हलवली. एवढीशी गुळणी.

जाताना बाकावरच्यांना सांगत होत्या, "डाक्तरची चूक नाय. मीच इसरले."