तुझ्या मुठीची सुरी

ठमे,

तू झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. मी रोपवाटिकेत पुढे जातोय.

जरा डोळ्यांसमोर आण. (डोळे मिटू नकोस, नाहीतर वाचशील कशी?) तुझ्याएवढी एक मुलगी कलमाची फांदी कापतेय. हातात माझी मोठी सुरी. ती सटकते आणि अंगठा कापतो. मुलगी ओरडते, "पुन्हा सुरीला हात लावणार नाही!" काल बोट कापल्यावर तूही हेच म्हणालीस. ती मुलगी म्हणजे तुझी आई.

बाळा, कलमं सोडू नकोस. तुझा हात चुकला नाही, सुरी तुझ्या हाताला मोठी होती. टेबलावर लहान सुरी ठेवली आहे. पातं तुझ्या मधल्या बोटाएवढं आहे, मूठ पंजात नीट बसते. ही मिटत नाही, म्हणून म्यानातूनच न्यायची. निघताना म्यान उलटं धरून हलव. सुरी सरकली तर घरीच ठेव. शाळेत मात्र अजिबात नाही.

आणि तुझी आई? त्या दिवशी ती रुसून जेवलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो, तर दार अडवून उभी. पट्टी बांधलेला हात पुढे करून म्हणाली, "बाबा, मला माझ्या मापाची दे. आणि थांब, मी चप्पल घालते."

आजोबा