एल्मारचा माज

४ फेब्रुवारी

लाज आणली पोराने! तिसऱ्या फेरीत जिंकला—ते ठीक. पण जिंकताना काय ती सोंगं! दोन्ही हात खाली सोडून, हनुवटी पुढे काढून समोरच्याला म्हणतो, "घे, मार. मारतोस की मुहूर्त बघतोस?" तोलेदोचा तो बिचारा मुलगा मारायला गेला आणि स्वतःच आडवा झाला. मग सगळीकडून शिट्ट्या आणि "हंबोग! हंबोग!" म्हणजे माजोरडा. अर्धे शिवी म्हणून ओरडत होते, अर्धे कौतुकाने.

तेही चाललं असतं. पण नंतर तोलेदोचे म्हातारे प्रशिक्षक नोंग इस्को—मोठ्या माणसाला आम्ही नोंग म्हणतो, बाईला नांग—हात पुढे करून आले. वडीलधाऱ्याने हात पुढे केला की घ्यायचा, कपाळाला लावायचा—आमच्याकडे दोन वर्षांच्या पोरालाही येतं हे. एल्मार त्यांच्या अंगावरून सरळ निघून गेला. म्हाताऱ्याचा हात तसाच हवेत! शेवटी मी, छप्पन्न वर्षांचा घोडा, पुढे झालो आणि तो हात माझ्या कपाळाला लावला.

नोंग इस्को एवढंच म्हणाले, "तेरॉय, ठोसे छान शिकवलेस. बाकीचं शिकवायला सवड मिळाली नाही वाटतं."

घरी येऊन जेवण गेलं नाही.

११ फेब्रुवारी

सगळ्यांसमोर झापला त्याला.

"नोंग, मला दिसले नाहीत ते."

"एवढा धडधाकट माणूस दिसला नाही?"

"मी जिंकलो की मला फक्त आरसा दिसतो." असं म्हणून हसला. झालं, बाकीची पोरं खिदळायला लागली. पाचशे दोरीच्या उड्यांची शिक्षा दिली. याने सहाशे मारल्या! "वरच्या शंभर तुम्हाला बक्षीस, नोंग."

२ मार्च

एकदा इथे लिहूनच टाकतो. तीस वर्षांत असा हात मी पाहिला नाही. डावा ठोसा कधी निघाला आणि कधी परत आला, कळत नाही. बारा वर्षांचा असताना आईने आणून सोडला होता. नांग परिंग, मंडईच्या कोपऱ्यावर पुसो विकते, नारळाच्या पातीत शिजवलेला भात. तेव्हा रोज येताना-जाताना माझा हात कपाळाला लावायचा. आता डिसेंबरपासून बंद. मान वाकडी करून आत येतो, माणसाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो. जणू आम्ही सगळे बाजारातली शिळी मासळी!

लुझला सांगितलं तर ती उलट माझ्यावरच. "तू विशीत होतास तेव्हा कमरेला जिंकलेला पट्टा बांधून चर्चमध्ये आला होतास. फादर विसरले असतील, मी नाही."

"पण मी मोठ्यांचे हात तरी घ्यायचो!"

"घ्यायचास. एका डोळ्याने पट्टा दिसतोय का बघत." बायको कसली, सरकारी वकील आहे.

तिचं म्हणणं—ज्याच्या अंगात कला आहे त्याला थोडी मस्ती माफ. माझं म्हणणं—त्यालाच माफ नाही. बाकीच्यांचा माज जग आपोआप उतरवतं. याचा कोण उतरवणार?

१९ मार्च

रेडिओवाल्याने त्याचं बारसं केलं, "राजा हंबोग." राजेसाहेब खूश.

९ एप्रिल

मिस्टर ऊय आले होते. लढती तेच भरवतात. या महिन्यात तागबिलारान शहरातली लढत जिंकली तर जुलैत किताबाची लढत! मी म्हटलं, पोराची वागणूक सुधारेपर्यंत थांबू या का? ते हसले. "लोक त्याला हरताना बघायला येतात, तेरॉय. एक दिवस तरी याचं नाक खाली होईल, या आशेवर येतात. नाक राहू दे वरच. तू फक्त जिंकव."

किताब! तीस वर्षांत माझा एकही पोरगा तिथवर गेला नाही. भिंतीवर त्या एका फोटोपुरती जागा मी कायम मोकळी ठेवली आहे. लुझ तिथे कॅलेंडर लावू का विचारते, मी नको म्हणतो. मला हा किताब हवा आहे. पोरासाठी हवा आहे असं सगळ्यांना सांगतो. मला हवा आहे.

५ मे

तागबिलारान जिंकलो, गुणांवर. पण समोरच्याचे उजवे ठोसे नको तितके खाल्ले, आणि प्रत्येक ठोशावर दात काढून हसला. काल मिस्टर ऊय यांच्याकडे जेवण होतं. लढतीत पैसे घालणाऱ्या एकाच्या बायकोने दोनदा हात पुढे केला, याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाई शेजारीच बसलेली! तोंड एवढंसं झालं तिचं. निघताना मिस्टर ऊय यांचाही सूर बदललेला. "पोराला जरा जमिनीवर आण आता."

यावर आमच्या धंद्यात एकच औषध आहे. वजनाने भारी गडी समोर द्यायचा आणि 'थांबा' कुणी म्हणायचं नाही. माझ्या गुरूने मला दिलं होतं. त्याने मी सुधारलो असं मी सगळ्यांना सांगत आलो आहे.

८ मे

दिलं औषध. रानुल्फोला बोलावलं, एल्मारपेक्षा दहा किलोने जड. कानात सांगितलं, "उजवा हात आखडू नकोस."

चार फेऱ्या. प्रत्येक उजवा बसला, एकही चुकला नाही. दुसऱ्या फेरीत गाल टम्म सुजला. हा आपला बडबडतोय, "दमलास का दादा? वारा घालू?" चौथ्या फेरीत पडला. पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी दोरीवर वाकून म्हटलं, "काय राजे, आता दिसतात का माणसं?"

हाताने चाचपत त्याने दोरी धरली. उठला. ओठातून रक्त येत होतं.

"अगदी स्पष्ट, नोंग."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? बरं वाटलं.

२३ मे

तीन दिवस एल्मार आला नाही. आज त्याची आई दारात. बस म्हटलं तरी बसेना.

"नोंग, तो कॉफी कपाच्या बाहेर ओततो. म्हणतो, घाईत होतो. टोपली उचलून निघाला की दाराच्या चौकटीला आपटतो. डावा खांदा. दर वेळी डावाच. काल जिन्यावरून पडला."

"मस्ती करत असेल," मी म्हटलं. तेव्हासुद्धा हेच निघालं माझ्या तोंडून!

ती माझ्याकडे बघत राहिली. "आईपुढे कोण कशाला मस्ती करेल, नोंग?"

२४ मे

डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टरीणबाई. डाव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. आजचा नाही, डिसेंबरपासून सुटत आलाय. सरावात एक ठोसा बसला आणि कडेने काळं यायला लागलं, असं एल्मार म्हणाला. अगदी सहज, पावसाचं सांगावं तसं.

"मग दर लढतीआधी तपासणीत पास कसा झालास?" बाईंनी विचारलं.

"तक्त्यावरची अक्षरं पाठ केली होती. आणि दुसरा डोळा झाका म्हणाले की हात बदलायचा, डोळा तोच झाकायचा. शाळेत काही पाठ झालं नाही, हे झालं." स्वतःच हसला. बाई हसल्या नाहीत.

बाहेर बाकावर बसलो. "मला का नाही सांगितलंस?"

"आंधळ्याला लढत कोण देतं, नोंग? माजोरड्याला देतात. तोंडाने बडबडत राहिलं की सगळे तोंडाकडे बघतात. डोळ्याकडे कोण बघतं?"

नोंग इस्को डावीकडून आले होते. जेवणाच्या वेळी ती बाई डावीकडे बसली होती. रानुल्फोचा उजवा हात डावीकडूनच येत होता, आणि मी त्याला आखडू नकोस म्हणून सांगितलं होतं. मान वाकडी करून पोरगा आम्हाला तुच्छ लेखत नव्हता—शोधत होता. सहा महिने मी त्याच्या माजाचा हिशेब मांडत बसलो. देवा!

३० मे

शस्त्रक्रिया झाली. उपयोग नाही. डावा डोळा गेला. बाई म्हणाल्या, "एप्रिलमध्ये आणला असता तरी वाचला असता. तेव्हा फक्त कड सुटली असणार. नंतर काहीतरी जबर मार लागलाय." नांग परिंगने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. तिने माझ्यासाठी डब्यात भात आणला होता.

मिस्टर ऊय यांच्याकडून फळांची टोपली आली. जुलैच्या पोस्टरवर दुसऱ्या पोराचा फोटो लागलाय.

११ जून

मंडईत गेलो. एल्मार आईशेजारी स्टुलावर बसून पाती विणत होता. बोटं चुकत होती. मला पाहून उठला.

"या नोंग. बसा. पाणी देऊ?"

"राहू दे."

"बरं, नोंग."

हो नोंग. नाही नोंग. शेजारची मासळीवाली मला म्हणते, "बघा, किती सालस झाला हो पोरगा! देव जे करतो ते भल्यासाठी." तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. एकोणीस वर्षांचा आहे तो! मी मुद्दाम चिडवलं, "काय राजे, पाती विणायलाही वारा लागतो का?" म्हटलं, काहीतरी उलट बोलेल. माझं टक्कल काढेल, पोट काढेल, काहीही.

"चुकतं खरं, नोंग. शिकेन हळूहळू."

परत येताना वाटेत बसून रडलो. लोक बघत होते. बघेनात का.

१२ जून

एक गोष्ट इथे लिहिलेली नाही. लुझलाही सांगितलेली नाही. एप्रिलमध्ये तागबिलारानला लढत संपल्यावर रिंगच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाले, पोराच्या डाव्या डोळ्याचा मला संशय आहे, अहवालात तसं लिहू का?

मी हसलो. म्हटलं, "डोळ्याला काही झालेलं नाही हो डॉक्टर. माज आलाय पोराला, दुसरं काही नाही." त्यांनी मान डोलावली आणि सही केली.