गाडी गरम झाल्यावर

मंगळवार, १० मार्च
क्रांती चौकाच्या सिग्नलला तापमानाचा काटा पुन्हा लालमध्ये. घाबरून इंजिन बंद केलं, मग चालूच होईना. मागून हॉर्न. दोघातिघांनी ढकलून कडेला घेतली. प्रकाश शेजारच्या सीटवर, उजवा हात मांडीवर, मी ठेवला होता तसाच. बॉनेटमधून वाफ निघत होती आणि तो तिच्याकडे टक लावून बघत होता. स्ट्रोकनंतर इतकं लक्षपूर्वक त्याने कशाकडेच बघितलेलं नाही. माझ्याकडेही.
थेरपीची वेळ हुकली. पहिले काही महिनेच मोलाचे, असं डॉक्टर दर वेळी सांगतात.

गुरुवार, १२ मार्च
रिक्षा बोलावली. प्र. बसला नाही. मागच्या खेपेला चौघांनी पोत्यासारखा उचलून आत कोंबला होता, ते मनात आहे. गाडीच्या सीटवर तो आपला आपण बसतो: आधी पाठ, मग पाय. म्हणजे गाडी नाही तर थेरपी नाही.
मृणालचा पुण्याहून फोन.
"आई, भंगारात दे ती. माझ्याहून म्हातारी आहे."
"बाबांना तीच चालते."
"बाबांनी सांगितलं?"
"त्यांना सांगता आलं असतं तर..."


शनिवार, १४ मार्च
शेजारचे गायकवाडकाका आले. "जयभीम प्रकाशभाऊ! लई बरे दिसायलात की." आणि प्र.च्या तोंडून खणखणीत, सबंध 'जयभीम'.
माझं नाव येत नाही. 'पाणी' येत नाही. हे येतं. थेरपिस्ट बाई म्हणतात, रोजच्या सवयीचे शब्द कधीकधी असे शाबूत राहतात. इतकी वर्षं पेपरात दुसऱ्यांच्या बातम्या तपासतेय. ही कुणी लिहून आणली असती तर समासात 'खात्री करा' असं लिहून परत पाठवली असती.

मंगळवार, १७ मार्च
रफिकभाई घरी येऊन गेले. त्यांचं गॅरेज आहे, पण या गाडीपुरते ते मेकॅनिक नाहीत, दोस्त. दर रविवारी दोघं मिळून ती उघडायचे. प्र. तेव्हा वाळूजच्या कारखान्यात इंजिनं जोडत होता; सुट्टीतही तेच, म्हणून मी वैतागायचे.
"भाभी, पानी पूरा है. पंप अच्छा है. थर्मोस्टॅट देखना पडेगा. एखादं पातेलं द्या."
"चहाचं चालेल?"
"चाय उसमें फिर नक्को बनाना."
लिंबाएवढा पितळी तुकडा. पातेल्यात टाकून गॅसवर ठेवला. प्र.ची खुर्ची ओट्याजवळ ओढली. पाणी उकळायच्या थोडं आधी त्या तुकड्याचं तोंड हळूहळू उघडलं. वायर नाही, सेल नाही. आत मेण असतं म्हणे, ते तापलं की फुगतं आणि झडप ढकलतं, मग इंजिनातलं गरम पाणी निवायला रेडिएटरमध्ये जातं. गॅस बंद केला, तसं ते तोंड पुन्हा मिटलं. इतकी वर्षं हे माझ्या पायांपुढे उघडत-मिटत होतं आणि मला पत्ता नाही! "परत दाखवा," म्हटलं. रफिकभाईंनी परत दाखवलं. प्र.ची डावी मूठ पाण्यातल्या त्या झडपेबरोबर उघडत होती.
थर्मोस्टॅट चांगला निघाला. मग तापते कशाने?

गुरुवार, १९ मार्च
पाडवा. रस्ते मोकळे. रफिकभाईंनी सांगितल्याप्रमाणे प्र.ला घेऊन बीड बायपासला गाडी पळवली. काटा मध्यावर, हलेना. परत येताना क्रांती चौकात दोन सिग्नल थांबलो, चढला. पुढे उतारावर उतरला. थांबली की तापते, पळाली की निवते. फोनवर सांगितलं.
"फिर तो हवा का मामला है, भाभी. फॅन घूमता क्या?"
"घुमतो. आवाज येतो ना."
प्र.ने सीटवर हात आपटला. डावा. काहीतरी सांगायचं होतं.

शनिवार, २१ मार्च
आज जे झालं ते नीट लिहायचंय.
अंगणात इंजिन चालू ठेवलेलं, फॅन फिरत होता, रफिकभाई कान लावून. प्र. खुर्चीवर, मांडीवर आमच्या पेपरची पुरवणी. त्याने एक पान ओढून काढलं आणि माझ्या हातात खुपसलं. वाटलं, वाचून दाखव म्हणतोय. "नाय. नाय." गाडीच्या तोंडाकडे बोट. पान जाळीसमोर धरलं. सोडलं. ते उडून थेट फाटकापर्यंत गेलं.
"उलटा," प्र. म्हणाला.
रफिकभाई ताठ. "क्या बोले?"
मग प्र.ने एक सणसणीत शिवी हासडली. पूर्ण. ती इथे लिहीत नाही, पण कर्ता-कर्म-क्रियापद सगळं जागच्या जागी होतं. रफिकभाई हसत हसत खालीच बसले. "हौ भाई, हौ! गाली नक्को देओ, समझा मैं!"
जानेवारीत प्र. दवाखान्यात असताना विलासभावजींनी गाडी कुठल्याशा गॅरेजात नेऊन नवा फॅन बसवून आणला होता. भाऊ घरी येईल तेव्हा गाडी तयार असावी म्हणून. तिथे दोन वायरी उलट जोडल्या गेल्या. फॅनने बाहेरची हवा आत ओढायची, हा आतली गरम हवा पुढे फेकत होता. चालत्या गाडीत समोरचा वारा त्याला पुरून उरायचा, सिग्नलला नाही.
वायरी बदलल्या. पान पुन्हा धरलं. खसकन जाळीला चिकटलं. हात काढला तरी तसंच. आम्ही तिघं त्या चिकटलेल्या कागदाकडे बघत उभे. म्हणजे दोघं उभे, एक बसलेला. भावजींना काही कळवायचं नाही.

मंगळवार, २४ मार्च
थेरपीला वेळेवर. काटा मध्यावर. परतताना मात्र गरम गाडी चालू होईना. बराच वेळ निवल्यावर झाली. प्र.ने ठिणगीच्या कॉइलवर बोट ठेवलं. रफिकभाईंनी कॉइल बदलली. तरी तेच.
"पेट्रोल की भाप बन रही, भाई. पंपपे गीला कपडा रखना."
प्र.ने मान फिरवली. पटलेलं नाही. जुनंच भांडण, फक्त आता एकाकडे शब्द आणि दुसऱ्याकडे मान.
उजव्या हाताचं काही खरं नाही. बाटलीचं झाकण फिरवा, किल्ली फिरवल्यासारखं करा, बाई विनवतात. तो त्या हाताकडे बघतही नाही. दुसऱ्या कुणाचा असावा तसा. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यांनी मनावर घेतलं नाही, तर हा हात असाच राहील."

शनिवार, २८ मार्च
पैठण. लांबची चाचणी म्हणून आलो. काटा सगळा रस्ता शहाण्यासारखा. धरणाच्या कडेला थांबलो. समोर नजर पोचेल तिथवर पाणी. प्र. खाली उतरून गाडीला टेकून उभा राहिला, बराच वेळ.
निघताना चालू होईना. रुमाल भिजवून पेट्रोलच्या पंपावर ठेवला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा नाही. ऑफिसला फोन केला, माझं पान आज दुसऱ्या कुणीतरी छपाईला सोडावं. मी असं कधी म्हटलेलं नाही.
प्र. गाडीला धरत धरत माझ्या बाजूला आला. काचेवर टकटक. "सर."
सरले. म्हणजे उतरले आणि त्याच्या सीटवर जाऊन बसले. तो स्टिअरिंगमागे बसला: पाठ, मग पाय. किल्ली उजवीकडे. डाव्या हाताने उजवा हात उचलला, किल्लीवर ठेवला, बोटं एकेक करून मिटवली. आणि डावा हात काढून घेतला.
त्याच्या शेजारी बसून लिहितेय. मदत करावीशी वाटते, म्हणून हात पेनात अडकवून ठेवलेत. आत्ता किल्ली जराशी फिरली. त्यानेच फिरवली, त्या हाताने. डॅशबोर्डवरचे लाल दिवे लागलेत. स्टार्टरपर्यंत अजून थोडं फिरवायचं आहे. कपाळावर घाम, नजर त्या हातावर. बोटं सुटलेली नाहीत.