ताईचे बूट

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. भावजयीचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. आता माझी बातमी. हातात चामडं कापायची रापी असेल तर आधी खाली ठेव. माझा डावा खुबा बदलायचा ठरलाय.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. उजव्या खुब्यात गोळा आणि वाटी यांच्यामध्ये एक काळी फट दिसते. डावीकडे फटच नाही, हाडावर हाड घासतंय. मी विचारलं, कोटाचं अस्तर झिजून संपावं तसं का? ते हसले आणि बरोबर म्हणाले. मग त्यांनी खणातून नमुन्याचा सांधा काढून माझ्या हातात दिला. एक धातूचा दांडा, त्यावर पांढरा गुळगुळीत गोळा, आणि तो फिरायला वाटी. बाहेर माणसं खोळंबली होती तरी मी तो फिरवत बसले. टाका नाही, बटण नाही, मग हे आत धरून कशाने राहतं, असं विचारलं. म्हणाले, आम्ही घट्ट बसवतो, मग तुमचं हाडच त्यावर वाढतं आणि त्याला धरून ठेवतं. धाकट्या, हाड वाढून धरतं! इतकी वर्षं शिवतेय, पण कापडाने माझ्यासाठी असं कधी काही केलं नाही.

तू एकदा मला लंगडतेस म्हणाला होतास आणि मी चार महिने तुझ्याशी बोलले नव्हते, आठवतं? आता तोच शब्द डॉक्टरांनी काढला. त्यांच्याशी अबोला धरून चालणार नाही.

भीती भुलीची नाही, भीती टेबलाची आहे. शिवण बसून होते, पण बेतणं उभ्यानेच. सध्या दहा मिनिटं टेबलापाशी उभी राहिले की कळ गुडघ्यापर्यंत उतरते. डॉक्टर म्हणतात, सहा आठवड्यांत उभ्या राहाल. नाही राहिले तर समोरचा शिंपी टेबल मागतोच आहे, त्याला देऊन टाकीन. मग मी दुकानात बसून काय करायचं, हे मला सांगता येत नाही.

दवाखान्यात बंद बूट आणायला सांगितलंय. यंदाचा जोड तेवढा लवकर पाठव. तुझे बूट पायात असले की निभतं, अनवाणी तर एक पाऊल टाकवत नाही.

लोभ आहेच, तो कुठे उसवू देऊ नकोस.

तुझी ताई


दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तुझी भावजय म्हणाली, ताईंचं ऑपरेशन आहे आणि तुमच्या चेहऱ्यावर जत्रेला निघाल्यासारखी खुशी काय? तसं नाही गं. काळजीने पोटात गोळा आलाय, पण तो तुझ्या पांढऱ्या गोळ्याशेजारी बसलाय, आणि त्या गोळ्याबद्दल मला शंभर प्रश्न आहेत.

तो पांढरा कशामुळे? धातू तर पांढरा नसतो. जुना गोळा कशाने कापतात, करवत हाताची की मशीनची? दांडा आत जाताना हातोडी मारतात का? मारत असतील तर हाड तडकू नये म्हणून काय करतात? मी साच्यावर बूट चढवताना एक ठोका जास्त झाला तर चामडं फाटतं. आणि माप कसं घेतात? माणसाच्या आत फूटपट्टी घालता येत नाही. सगळं विचारून ठेव. डॉक्टर वैतागले तर माझं नाव पुढे कर.

बूट आजच पाठवलेत. तुझ्या पायाचा लाकडी साचा फळीवरून काढला, नेहमीसारखाच जोड केला. घाई झाली, त्यात हल्लीचे दिवे उजेडच देत नाहीत. मी दुसरा दिवा लावून घेतलाय. जुना जोड नेहमीप्रमाणे पाठव, तळ बदलून परत देईन. तू टाकणार तर नाहीसच, पलंगाखाली तुझी रांग आहेच.

एक विचारायचं राहिलं. वर्षभर तुझं अक्षर एवढं मोठं का झालंय? एका पानावर जेमतेम दहा ओळी. पाकीट हातात घेतलं की वाटतं, ताईने पुस्तक लिहिलं.

टेबल कुणाला देऊ नकोस. लोभ आहे तसाच ठेव, झिजला तर तळ बदलून देईन.

तुझा धाकटा


दि. २ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले. मी जिवंत आहे आणि घरी आहे. काजं-बटणं करणारी बाई माझ्याकडे राहायला आलीय आणि माझ्यावर मनसोक्त हुकूम सोडतेय. खुर्ची उंच हवी, वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांत उशी. आयुष्यभर मी लोकांना सरळ उभे राहा, हलू नका म्हणत आले, त्याची परतफेड चाललीय.

तुझे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. भूल कमरेखालची होती, म्हणून मी जागी होते. मध्ये पडदा, पण कान उघडे. करवत मशीनची, आवाज मोठा नाही. हातोडी मात्र आहे रे! ठक ठक ठक, मग थांबून बघणं, मग पुन्हा दोन ठोके. तुझ्या दुकानात येऊन बसल्यासारखं वाटलं आणि भीती पळाली. ठोक्याचा आवाज बदलला की डॉक्टरांना कळतं, दांडा बसला. गोळा चिनी मातीच्या जातीचा, म्हणून पांढरा. आणि मापाचं ऐक. आधी कच्चा गोळा बसवून बघतात, पाय हलवून दोन्हींची लांबी ताडतात, नाही जमलं तर दुसरा घेतात. म्हणजे ट्रायल! मी पडद्याआडून म्हणाले, आम्हीही पक्की शिवण घालण्याआधी हेच करतो. आत सगळे हसले.

आता जे हसण्यासारखं नाही ते. माझा पाय लांब झालाय. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी केली तेव्हाच कळलं. डावा पाय आधी जमिनीला लागतो आणि मी उजवीकडे कलते. व्यायामाची बाई म्हणते, पुष्कळांना तसं वाटतं, स्नायूंना नव्या लांबीची सवय होईल. पण मला कळत नाही का? कुणाची एक बाही पाव इंच मोठी असली तर मी रस्त्यापलीकडून सांगते.

तुझे बूट पायात आहेत. घसरू नये म्हणून ते घातल्याशिवाय उभंच राहायचं नाही असा हुकूम आहे. त्यांची शिलाई नीट बघितली. त्याबद्दल आता काही बोलत नाही. माझ्या अक्षराचं म्हणशील तर हात जड झालाय, दुसरं काही नाही.

लोभ असाच असू दे, थोडा लांब झाला तरी चालेल.

तुझी ताई


दि. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पडद्याआडून ट्रायलबद्दल बोलणारी माझीच बहीण, हे मी गिऱ्हाइकांना सांगत सुटलोय. आवाजावरून दांडा बसल्याचं कळतं हे वाचल्यापासून मीही प्रत्येक ठोका ऐकतोय. खिळा तळाच्या शेवटच्या थरात शिरला की आवाज खरंच बदलतो. एवढी वर्षं कानावर पडत होता, लक्ष नव्हतं.

पायाचं ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. ट्रायल घेऊनही लांब झाला तर त्या ट्रायलचा उपयोग काय? पण नुसतं वाटण्यावर जाऊ नकोस. तुझ्याकडे टेप आहे, तो वापर. उताणी झोप, काजं-बटणांच्या बाईला माप घ्यायला सांग. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत, दोन्ही पाय. मी पायाची मापं घेणारा माणूस आहे, माझ्यावर विश्वास ठेव. आकडे कळव, मग मी स्वतः त्या डॉक्टरांना पत्र लिहितो.

लोभ आहे, तो मोजायला टेप लागत नाही.

तुझा धाकटा


दि. ३० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

माप घेतलं. एकदा नाही, चारदा, दोन वेगळ्या टेपांनी. दोन्ही पाय साडेचौतीस. सुताचाही फरक नाही. डॉक्टरांनी नवा फोटो काढला, त्यातही सारखे. ते म्हणाले, आजी, काम चोख झालंय, सवय होईल. तू त्यांना पत्र लिहू नकोस.

मग मी वाकडी का उभी राहते? पाच आठवडे झाले. जखम भरली, ती जुनी कळ गेली, पलंगावर सगळे व्यायाम होतात. पण बूट घालून टेबलापाशी उभी राहिले की दहा मिनिटांत कंबर धरते आणि उजवा गुडघा थरथरतो. काल एका कोटाचं कापड पसरलं, खडूने पाठीची रेघ ओढली. रेघ तिरकी गेली. माझी रेघ, धाकट्या. मी खडू ठेवला, खुर्चीत बसले आणि रडले. बाई गुपचूप आत निघून गेली, एवढा समजूतदारपणा तिने पहिल्यांदाच दाखवला.

समोरच्या शिंप्याला निरोप पाठवलाय. पंधरा एप्रिलला तो टेबल न्यायला येईल. तू मला समजावत बसू नकोस. टेप खोटं बोलत नाही आणि मीही खोटं बोलत नाही, मग चूक कुठे आहे हे कळलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

लोभ असावा. आज एवढंच.

तुझी ताई


दि. ४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवतोय. वाचून होईपर्यंत कुणालाही टेबलाला हात लावू देऊ नकोस.

तुझं पत्र मी दुकानात वाचत होतो. समोर फळीवर तुझा साचा होता. चूक तुझ्या डॉक्टरांची नाही, माझी आहे. कात्री घे आणि डाव्या बुटाचं आतलं अस्तर उसव. टाचेखाली बुचाचा थर सापडेल, अर्ध्या इंचाला थोडा कमी.

अकरा वर्षांपूर्वी तू तळ बदलायला जोड पाठवलास. बूट आपल्या मालकाचं सगळं सांगतात, ताई. उजवी टाच बाहेरून झिजलेली, डाव्याचा फक्त पुढचा भाग. तुझा डावा पाय आखूड पडायला लागला होता. मी तुला सांगितलं आणि तू चार महिने बोलली नाहीस. मग मी सांगणं बंद केलं. पुढच्या जोडात डाव्या टाचेखाली बुचाचा एक पातळ थर घातला आणि वरून अस्तर असं बसवलं की हात घालूनही कळू नये. दर वर्षी जुना जोड आला की तळ वाचायचो आणि पुढच्या वेळी थर थोडा वाढवायचो. साच्यावर मी तशी खूण करून ठेवलीय. तू दर वेळी लिहायचीस, तुझ्या बुटांत मी सरळ चालते. मला आनंद व्हायचा आणि चोरट्यासारखंही वाटायचं.

या वेळी घाईत नेहमीसारखाच जोड केला. पाय सरळ करणार म्हणून मला एवढं कुतूहल, करवत काय नि हातोडी काय, आणि लांबी भरून निघालेल्या पायाला बूच लागणार नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही! पाच आठवडे तुला वाकडी उभी केली ती मी.

अबोला धरायचा असेल तर धर. पण आधी अस्तर उसव.

लोभ उरला असेल तर कळव.

तुझा धाकटा


दि. १२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

अस्तर उसवलं. बूच निघालं. बूट घातले आणि बाईचा हात न धरता उभी राहिले. धाकट्या, जमीन सपाट होती! खोलीभर चार फेऱ्या मारल्या आणि थेट टेबलाशी गेले. तोच कोट पुन्हा बेतला. मध्ये एकदा पाणी प्यायले, बाकी चाळीस मिनिटं उभी होते. रेघ सरळ आली. समोरच्या शिंप्याला चहाला बोलावून ती दाखवली. बिचारा नीट बघून, टेबल विसरून, कॉलर कशी बेतता ते विचारत बसला.

अबोला धरणार होते. अकरा वर्षं तू मला लंगडी म्हणत होतास, तेही माझ्याच टाचेखालून! पण मग म्हटलं, मी तरी कोणत्या तोंडाने बोलणार?

आता शिलाईचं ऐक. तुझ्या बुटांवर इंचाला नऊ टाके असायचे. गेल्या वर्षी सात झाले. या जोडाला सहा, आणि दोन टाके रेघेबाहेर. दिव्याला नावं ठेवू नकोस. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गेल्या वर्षीच्या जोडावरून मी ओळखलं, पण तुला सांगितलं असतं तर तूही चार महिने बोलला नसतास, आपण एकाच घरातले. म्हणून मी काळी शाई आणली आणि अक्षर मोठं केलं. हात जड झालाय हे खोटं होतं.

तर आता ठरवू. तू डोळे दाखवायचे आणि सांगतील ते करायचं. मी महिन्याभरात तुझ्याकडे येते, माझ्या दोन सारख्या पायांवर. भावजयीला उंच खुर्ची काढून ठेवायला सांग. डोळ्याच्या डॉक्टरांना काय काय विचारायचं त्याची यादी मी सुरू केलीय. मोतीबिंदू काढून बसवतात ते भिंग आत कशाने धरून राहतं, हा पहिला प्रश्न.

खाली दोन ओळी नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिल्यात. भावजयीकडून वाचून घ्यायच्या नाहीत. डोळे झाल्यावर तुझ्या तू वाच.

लोभ आहे तो मोठ्या अक्षरातही तेवढाच आणि बारीक अक्षरातही.

तुझी ताई

ता. क. पलंगाखालचे सगळे जोड काढून एकेकाचं अस्तर उसवलं. दर वर्षीचा थर आदल्या वर्षीपेक्षा थोडा जाड, अकराही मी खिडकीत ओळीने मांडून ठेवलेत.
मला वाटायचं मी एकटीच उभी आहे रे.