पेटीवाल्याचं पोर्टल

३ जून २००२, सोमवार
हडपसरची नोकरी सोडून तीन महिने झाले. राबलो मी आणि टीम लीड केलं नम्रताला. बसा म्हणावं. मी आता फ्रीलान्सर.
पहिला क्लायंट मिळाला. मन्सूरभाई, रविवार पेठेत हार्मोनियम बनवतात. पूर्णिमाच्या शाळेतली पेटी तेच दुरुस्त करतात, त्यातून ओळख. (बायको शाळेत कॉम्प्युटर शिकवते. म्हणजे मुलांकडून पेंटमध्ये घर काढून घेते.) गणपतीआधी परदेशातली मराठी मंडळं पेट्या मागवतात, म्हणून जुलैअखेर वेबसाइट हवी. किरकोळ काम.
संकल्प: स्वस्तात विकला जाणार नाही.

५ जून
डोकं फिरलं. मागणी काय, तर सहा पेट्यांचे फोटो, किमती, फोन नंबर. एक पान. म्हटलं, याला वेबसाइट नाही, व्हिजिटिंग कार्ड म्हणतात. ते म्हणाले, मग कार्डाचे किती घ्याल?
असल्या लोकांमुळे देश मागे आहे.

२१ जून, दुपारी ३
प्रपोजल तयार. अडतीस पानं, स्पायरल बाइंडिंग. लॉगिन, रागांची माहिती, चर्चेची जागा, ऑनलाइन पेमेंट. पोर्टलच.
दर: जुना पगार भागिले तास, गुणिले तीन, वर अपमानाचे वीस टक्के. एक लाख ऐंशी हजार.
पूर्णिमाने शेवटचं पान आधी उघडलं. म्हणाली, त्यांची सगळ्यात महाग पेटी चौदा हजारांची आहे. मी म्हणालो, ही मध्यमवर्गीय वृत्ती. ती म्हणाली, बँकेत ऑगस्टपर्यंत पुरेल एवढं आहे, त्यानंतर वृत्तीचं बघू.
टोमणे या घरात कधी कमी पडत नाहीत.

२४ जून
मन्सूरभाईंनी चष्मा लावून अडतीसही पानं चाळली. विचारलं, यातलं एखादं पान चालू करून दाखवता का? म्हटलं, आधी साठ हजार अॅडव्हान्स. शांतपणे म्हणाले, साहेब, मी पेटी आधी वाजवून दाखवतो, मग किंमत सांगतो.
पेटी आणि पोर्टल एकच का? बाहेर येऊन स्कूटरला लाथ घातली. अंगठा सुजला.

९ जुलै
त्यांचा फोन. आठ हजार देतो, तेवढं एक पान करून द्या. गेल्या वर्षी दोन कारागीर सोडून गेले. या गणपतीला ऑर्डरी आल्या नाहीत तर रामदासही जाईल, आणि सूर लावणारा आता तोच एक उरलाय.
नाही म्हणालो. तत्त्वाचा प्रश्न आहे. फोन ठेवल्यावर पोहे अर्धेच टाकले. मीठ जास्त पडलं असावं.

१८ जुलै
माणुसकी म्हणून एक लाख वीसवर आलो. कळवायला फोन केला तर त्यांच्या पत्नी नूरबानूंनी उचलला. म्हणाल्या, ते कामात आहेत. वाटाघाटीची जुनी युक्ती. मी ओळखून आहे.

२९ जुलै, सोमवार
स्वतः गेलो. शेवटचा आकडा, नव्वद. दुकानाच्या पाटीवर रंगारी वेबसाइटचा पत्ता रंगवत होता.
तडक सायबर कॅफे गाठला. एक पान. सहा फोटो, किमती, फोन नंबर. लॉगिन नाही. रंगसंगती भिकार. चौथ्या फोटोत पेटीखाली आमच्या दिवाणावरची चादर. मला सांगितलं होतं, लाँड्रीत टाकलीय.
घरी येऊन जाब विचारला. पूर्णिमा वह्या तपासत होती. म्हणाली, दोन रविवार लागले. मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, सांगितलं असतं तर तू एकोणचाळिसावं पान लिहिलं असतंस. आठ हजार घेतले, विजेचं बिल भरलं.
आवाजसुद्धा चढवला नाही तिने. त्याचाच जास्त संताप आला. मी मात्र इतका चढवला की शेजारच्या शालूताईंनी येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना?

२ ऑगस्ट
लंडनहून चार पेट्यांची ऑर्डर आली म्हणे. रामदास राहिला. नूरबानूंनी डबाभर शीरखुर्मा पाठवला. खाणार नव्हतो. खाल्ला.
पूर्णिमाला समजावलं, पुढची कामं माझ्या मार्गदर्शनाखाली घेऊ. हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. म्हणजे हो.

६ ऑगस्ट, सकाळी ११
फोन. बद्रीनाथ म्हणून कोणी, तबले बनवतात. वेबसाइट हवी. खुर्ची ओढून बसलो. माझी दर काढायची पद्धत त्यांना पहिल्यापासून समजावू लागलो.
दोन मिनिटं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, मॅडम आहेत का?
शाळेत गेल्यात, म्हणालो. नंबर लिहून घेतला.